भिंतीवर चौघी

पाहुणे चारला येणार होते आणि दीड वाजल्यापासून संजना त्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. जेवणाची भांडी मोरीत तशीच पडली होती आणि लाटंबार्सेच्या या घरात आज कुणाचंच बूड एका जागी टेकत नव्हतं.

"मांय, मी एकदाच सांगते," ती सासूला म्हणाली. "शेवंताचं चित्र तिथं राहिलं तर सेजलचं लग्न काही जुळत नाही. मग मला बोल लावायचा नाही."

सुमंगला खिडकीशी बसून काजूगर निवडत होती. अख्खे एका ताटलीत, फुटके दुसऱ्या ताटलीत. सत्तरी आली तरी तिची बोटं कधी चुकत नसत, पण आज अख्खे नि फुटके कधीचे एकत्र झाले होते आणि तिला पत्ताच नव्हता.

"चाय पितले आणि जातले," ती म्हणाली. "भिंत कोण बघता?"

"भिंतच बघतात. भिंत बघायलाच येतात."

यात संजनाचं काही चुकत नव्हतं. महिन्याभरापूर्वीपर्यंत त्या भिंतीवर सुमंगलेच्या नवऱ्याचा, विठूचा, हार घातलेला फोटो आणि एक कॅलेंडर एवढाच संसार होता. मग धाकट्या गौरेशची मुलगी गौरवी पणजीहून सुट्टीला आली. चित्रकला शिकते ती. घरातल्या चारी बायकांची कोळशाच्या कांडीने मोठाली चित्रं काढायची असं तिने डोक्यात घेतलं, आणि तिची रीतही जगावेगळी. एरवी चितारी काढतो आणि समोरचा गप्प बसतो. इथे समोर बसणारीने सांगायचं: काय नेसणार, हातात काय घेणार, बघणार कुठे. पटलं नाही ते तिने स्वतः पुसायचं, जमेल तेवढं स्वतःच्या हाताने काढायचं. "लोक आपल्या मनातली बाई आपल्या तोंडावर चिकटवून मोकळे होतात," गौरवी म्हणे. "एकदा तरी तिचं तिनं ठरवावं की."

तर संजनाने स्वतःला गाडीच्या स्टिअरिंगवर काढून घेतलं. बँकेत वीस वर्षं नोकरी करूनही लग्नाकार्यात लोक तिला 'सर्वेशची बायल' एवढंच म्हणत, आणि त्याचा तिला मनापासून संताप होता. तिची सेजल काखेत हेल्मेट मारून उभी. सुमंगला उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसलेली, गळ्यात सोन्याचा जाड सर, अंगावर भारी शाल आणि दोन्ही हात शालीच्या आत. तिने तीनदा पुसायला लावलं होतं. हनुवटी वर घे, शाल आणखी भरीव कर, हात दाखवू नको. गौरवीने सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "झालं का गो आजी, तुझ्या मनासारखं?" सुमंगला होय म्हणाली खरी, पण त्या चित्राकडे ती दुसऱ्यांदा बघत नसे.

आणि चौथी शेवंता, गौरवीची आई. साडीवर पुरुषाचा फुलशर्ट, बांधकामावरच्या बायका घालतात तसा. डोक्यावर फडक्याची चुंबळ, कमरेला टेकवलेलं रिकामं घमेलं, नजर सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. घमेल्याची कड धरलेली बोटं तिने स्वतः काढली होती. ती प्रमाणापेक्षा जाड झाली होती, आणि त्यामुळेच ती तिची वाटत होती.

आता गौरेशने शेवंताला घरात आणली तेव्हा काय घडलं ते सगळ्या वाड्याला ठाऊक आहे, असं सगळ्या वाड्याला वाटतं. खरं या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. चंदगडकडून आईबापांबरोबर डिचोलीत बांधकामाला आलेली पोर ती. गौरेश तिथे रेतीचा ट्रक घेऊन जायचा. लग्न लागलं त्याच आठवड्यात सुमंगलेने सुनेला नवीन जन्म दिला: बाप बेळगावात धान्याचा व्यापारी, घरी दोन दुकानं. गावात हेच सांगितलं गेलं. शेवंता 'मला' म्हणाली की सुमंगला म्हणे, "माका म्हण गो, माका." सहा महिन्यांत तिची जीभही वळली. बावीस वर्षं झाली त्याला, आणि कुणाला शंकासुद्धा आली नव्हती.

"आपण त्यावर कॅलेंडर लावूया का?" खांद्यावर टॉवेल टाकून आलेल्या सर्वेशने सुचवलं. थोरला मुलगा हा. पणजीच्या ऑफिसात फायली मिटवून मिटवून त्याला सगळं मिटवायचीच सवय लागलेली.

"काकीच्या तोंडावर कॅलेंडर?" सेजल म्हणाली. "बाबा, जरा ऐका तरी तुम्ही काय बोलता ते."

"तू गप बस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

"माझ्यासाठी चाललंय तर मला विचारा ना. नितीनला मी ते चित्र फोनवर पाठवलंय. छान आहे म्हणाला."

"नितीन म्हणेल. नितीनची आई काय म्हणते ते बघायचं असतं," संजना म्हणाली.

गौरेश दारात उभा राहून चपलांशी खेळत होता. जो शेवटचा बोलेल त्याच्या बाजूचा हा माणूस. "वयनी म्हणते त्यात पण तथ्य आसा," तो म्हणाला. एवढ्यात आतून गौरवी आली, तिने बापाकडे एकदाच पाहिलं, आणि तो म्हणाला, "पण पोरीची मेहनत पण आसा."

"चित्र निघणार नाही," गौरवी म्हणाली. "आणि कुणी विचारलं तर मी आहे ते सांगणार. ही माझी आई. ती घमेलं वाहत होती. यात लपवायचं काय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मग सगळेच एकदम बोलू लागले. त्या गलक्यात शेवंता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. मिरच्यांना चीर देता देता आली असावी. भिंतीकडे न बघताच म्हणाली, "काढा गो तां. माझा काय एवढा. पोरीचा लगीन मोठा."

किती सहज म्हणाली ती. सून भांडली असती तर सुमंगलेला बरं वाटलं असतं. बावीस वर्षांत हिने एकदाही 'का' म्हणून विचारलं नव्हतं, आणि सुमंगलेला तेच सोयीचं गेलं होतं.

सगळ्यांची तोंडं आता तिच्याकडे वळली. या घरात शेवटचा शब्द तिचा.

"रवूंदे तिथंच," ती म्हणाली. "आयत्या वेळेक काढलां तर भिंतीर भोक दिसतला. कोणी इचारल्यान तर गौरवीचा कॉलेजाचा चित्र म्हणान सांगूया." मग नातीकडे न बघता म्हणाली, "गौरवी, तू स्कूटर काढ आणि डिचोलीसून गजरे घेऊन ये. मिठाईय आण. ताजी आसा काय बघून आण, घाई करू नको."

गौरवी काही खुळी नव्हती. तिने आजीकडे पाहिलं, मान हलवली आणि किल्ली घेऊन निघून गेली. स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला तशी सुमंगलेला आपली लाज वाटली. पण लाजेचं काय, ती गिळायची तिला जुनी सवय होती.

पाहुणे चारला दहा मिनिटं असतानाच आले. नितीन, त्याची आई प्रभावती आणि मामा जयवंत. नितीन मोपाच्या विमानतळावर नोकरीला. सरळ पोरगा, आल्या आल्या चपला नीट एका ओळीत काढून ठेवणारा. प्रभावती हरमलची. घरामागे पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधलेल्या, नवऱ्यामागे एकटीने चालवणारी, आणि बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडायची मुभा न देणारी. सुमंगलेला ती पाच मिनिटांत आवडली.

"आमच्या हरमलचा नाव काढला की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटल्यो आणि नागडे फिरंगी," प्रभावती सांगत होती. "तुळशीक पाणी घातल्याशिवाय मी तोंडाक चाय लावणंय नाय. तरी दिल्लीचो एक पोर येता आणि माका इचारता, आंटी, पार्टी किधर है? माणसाक न बघताच लोक ठरवून मोकळे."

सगळे हसले. संजनाही मोकळी हसली. सर्वेशने पंखा वाढवला. जुळतंय, सुमंगलेच्या मनात आलं, आणि तेवढ्यात प्रभावती चहाची बशी मेजावर ठेवून उठली नि भिंतीपाशी गेली.

"ही तुमी," ती संजनाला म्हणाली. "गाडी चालवतास? बरा. ही आमची सेजल. हेल्मेट घालता म्हणजे जीव वाचवन घरी येतली." नितीन खाली बघून हसला. "आणि ह्यो तुमी, मांय. काय रुबाब आसा. हेका म्हणतत घराणा." मग ती चौथ्या चित्रासमोर थांबली. "आणि ही कामाची बाई? बघ रे जयवंत, कामाच्या बाईचापण चित्र लावल्यानी. ह्येका मन मोठा लागता."

जयवंतने मान डोलावली. सेजलने तोंड उघडलं, पण त्याआधी संजना बोलून गेली.

"हो," संजना म्हणाली. "जुनी आहे आमच्याकडे."

खोटं बोलायचं तिच्याही मनात नसेल. माणूस घाबरला की जीभ जवळची वाट धरते. पण शब्द बाहेर पडला तो पडलाच, आणि त्याच वेळी शेवंता मिरचीची भजी आणि पाव घेऊन आत आली.

प्रभावतीने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहरा तोच. ती खरोखर प्रेमाने पुढे गेली आणि तिने शेवंताच्या दंडाला हात लावला.

"तुझाच काय गो ह्या चित्र? बरा इला हां. किती वर्सां झाली तुका ह्या घरात?"

शेवंताने ताटली मेजावर ठेवली. एकेक बशी सरळ केली. "बावीस," ती म्हणाली.

गौरेश समोर बसला होता. तो उठेल असं सुमंगलेला वाटलं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. आपलाच पोर, आपणच वाढवलेला. नुसतं गप्प बसायचं होतं. पाहुणे तासाभरात गेले असते, लग्नापर्यंत काहीतरी सारवासारव झाली असती. सारवासारव करण्यात या घराचा हात कुणी धरला नसता. शेवंता परत आत जायला वळली, आणि तिची ती पाठ सुमंगलेला बघवेना.

"शेवंता, थांब," ती म्हणाली. "प्रभावती, ती कामाक नाय. माझी धाकटी सून ती. ह्या गौरेशची बायल."

प्रभावतीने हात मागे घेतला. तिचा चेहरा लाल झाला. "अगो बाय माझे. माझी जीभ ही. मनार घेव नको हां बाय."

"मांय, बसा तुम्ही, तुमचं बीपी," संजना मध्ये पडली.

"बीपी बरा आसा माझा. चित्रातला घमेला खरा आसा. तिचे आई-बाप चंदगडसून गवंडीकामाक इले. ही त्यांच्यावांगडा. गावात आमी दुसरा सांगितला. खोटा सांगितला."

सर्वेशने डोळे मिटले. जयवंतने घसा खाकरला आणि भजं उचलून परत ठेवलं. प्रभावती मात्र बोलघेवडी बाई, तिने तुटलेला धागा लगेच सांधायला घेतला. वाईट मनाची नव्हतीच ती.

"असूंदे मांय. आता कोण बघता तां सगळा? घाटी असली म्हणान काय झाला? तुमच्यासारख्या घरंदाज सासयेच्या हाताखाली तयार झाली. तुमचा चित्र बघला तरी कळता, ह्या घरात काय शिस्त आसा ती."

आणि इथे सुमंगलेला पुढे जाता येईना. निंदा तिने पचवली असती. ही स्तुती घशाखाली उतरेना. भिंतीवरून शाल पांघरलेली ती बाई हनुवटी वर करून बसली होती, आणि तिच्या जिवावर समोरची बाई शेवंताला माफ करत होती.

"तां माझा चित्र खोटा," ती म्हणाली.

"आई?" सर्वेश म्हणाला.

"माझ्या माहेराक बागायत होती म्हणान तुमका सांगत इलंय. नव्हती. पंधरा वर्सांची असताना मी खाणीर गेलंय. चार वर्सां डोक्यार मातयेच्यो पाट्यो व्हायल्यो. दिवसाक दोनशे, अडीचशे पाट्यो. लग्न ठरला तेव्हा सुटलंय. तुमच्या बापाशीक ठावक होता. तेनी कोणाक सांगूक नाय, आणि मीय नाय." तिने शालीतून नव्हे, पदरातून हात बाहेर काढले आणि मांडीवर पालथे ठेवले. "गौरवी इचारी, आजी, हात कित्याक लपवतंस? काय सांगू तिका?"

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली. नितीनने हळूच एक भजं घेतलं आणि म्हणाला, "छान झालीत काकी," शेवंताला, आणि त्याच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं की ते भजं त्याला गिळवेना.

त्यानंतर पाहुणे फार वेळ बसले नाहीत. प्रभावतीने दोन्ही सुनांचा निरोप घेतला, सुमंगलेच्या पाया पडली, सगळं रीतसर केलं. "घरात बोलून कळयतंव," ती म्हणाली. येताना ती ज्या पायऱ्या बोलत बोलत चढली होती त्या आता मुकाट्याने उतरली. गाडी गेली.

संजना उंबऱ्यातच खाली बसली. तिला रडू आवरत नव्हतं. "पन्नास वर्षं गप्प राहिलात, मांय. अजून एक दिवस राहवलं नाही? माझ्याच मुलीचा दिवस सापडला तुम्हाला?"

सुमंगलेने तिच्या डोक्यावर हात ठेवला तो संजनाने झटकला. सेजल आईजवळ जाऊन बसली. "आई, जुळायचं असेल तर जुळेल. आणि काकीला तू काय म्हणालीस ते तुला आठवतंय ना?" संजनाने पदरात तोंड घातलं. सर्वेश विठूच्या फोटोकडे बघत उभा होता, बापाने एवढं मोठं गुपित कुठे ठेवलं होतं ते शोधत असल्यागत. गौरेश कुठे दिसत नव्हता.

सुमंगला मात्र आतून हलकी झाली होती. खोटं कशाला सांगायचं, तिला अभिमानही वाटत होता. सेजलचं काय होईल ही काळजी होतीच, पण शेवंतासाठी आपण भर बैठकीत तोंड उघडलं. सून आता काय म्हणेल, हे ऐकायची घाई तिला झाली होती. ती भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली.

शेवंता कढईतलं तेल गाळत होती. सासू आली हे कळूनही तिने वर पाहिलं नाही.

"बोलून टाकला गो एकदाचा," सुमंगला म्हणाली.

"ऐकलं."

"काय नाय बोलणंस?"

शेवंताने कढई खाली ठेवली. बोलली तेव्हा बावीस वर्षांत न ऐकलेल्या बोलीत बोलली.

"मला वाटायचं, मोठ्या घरची बाई. बागायतीत वाढलेली. हिला काय कळणार डोक्यावरचं ओझं. न कळून करते बिचारी. असं म्हणायची मी मनात आणि तुम्हाला माफ करायची. रोज. माझी आई भेटायला यायची तेव्हा तुम्ही तिला मागच्या दारानं घ्यायचा, कुणी बघेल म्हणून. विहिरीवर बसून चहा प्यायची ती. तेव्हा पण मी हेच म्हटलं, ह्यांना कळत नाही."

सुमंगला दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आणि तुम्हाला सगळं कळत होतं," शेवंता म्हणाली. "मान कशी दुखते ते. रात्री कूस कशी बदलता येत नाही ते. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं."

"भियालंय गो मी," सुमंगला म्हणाली. "तुझी पाटी लोकांक दिसली की माझीय दिसतली, असा वाटला."

"असेल. पण माफ करायला मला तेवढंच एक कारण होतं. तेसुद्धा आज तुम्ही काढून घेतलंत."

अंगणात गौरवीची स्कूटर थांबली. गजऱ्यांचा वास तिच्याआधी घरात शिरला. ती बाहेरच्या खोलीत कुणाला तरी विचारत होती, काय झालं, सगळे असे का बसलात.

सुमंगला चौकटीला टेकून खाली बसली. "आता काय करू सांग," ती म्हणाली. "सांगशीत तां करतंय. उद्या तुझ्या आवशीच्या घरी जातंय. तिच्या पाया पडतंय."

"तीन वर्षं झाली तिला जाऊन. तुम्ही आला नव्हता. काजूचा हंगाम होता."

सुमंगलेला तो हंगाम आठवला. शेवंताबरोबर घरातला गौरेश एकटाच गेला होता, आणि संध्याकाळी परतही आला होता. मग तिला कळलं की आपल्याला एक साधी गोष्ट माहीत नाही, आणि ती कधी माहीत करून घ्यावीशीही वाटली नव्हती. तिने विचारलं.

"नाव काय गो होता तिचा?"

शेवंताने भांडी पुढे ओढली, नळ सोडला.

"तानूबाई," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.